गॅदरिंगची यादी, लाल पेन आणि बारावीतल्या मुलीचा प्रश्न

कृष्णाकाठची | २ डिसेंबर, २१:१२

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र आहे. आज राहवलं नाही.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. डिसेंबर लागला की गॅदरिंगचं वारं सुटतं आणि गाणी तपासायचं काम दरवर्षी कुणाच्या तरी गळ्यात पडतं. यंदा माझ्या. मुलं चिठ्ठीवर गाण्याचं नाव, सोलो की ग्रूप, किती जण एवढं लिहून देतात. आपण ते गाणं यूट्यूबवर बघायचं आणि टिक करायची नाहीतर खोडायचं. एकतीस चिठ्ठ्या आल्या. रविवारी दुपारी ओटा आवरून वही, लाल पेन आणि मोबाइल घेऊन बसले ते संध्याकाळच्या चहापर्यंत.

पहिलं आश्चर्य हे की एकतीसमध्ये सिनेमातली गाणी फक्त सहा. बाकीची सगळी, मुलांच्या भाषेत, 'अल्बम साँग'. अल्बम नावाची वस्तू आता कुठे उरली आहे देव जाणे, पण शब्द टिकलाय. मराठी, पंजाबी, आगरी, दोन अहिराणी. कृष्णाकाठच्या पोरांना अहिराणी कितपत कळते? पण पाठ आहे.

नऊ गाणी खोडली आणि यादी नोटीस बोर्डावर लावली. दुसऱ्या दिवशी जिन्यात बारावी आर्ट्सच्या एका मुलीनं गाठलं.

"मॅडम, आमचं खोडलं ते कपड्यांमुळं ना?"

म्हटलं, हो.

"आणि अकरावी कॉमर्सच्या पोरांचं ठेवलंय. त्यात तो तिच्या मागं स्टँडपासनं घरापर्यंत जातोय. ती दोनदा नाही म्हणती. त्याचं काहीच नाही वाटलं तुम्हाला?"

उत्तर सुचलं नाही. तास आहे म्हणाले आणि सटकले. (तास नव्हता.)

रात्री ते गाणं पुन्हा लावलं, आणि यावेळी आवाज बंद करून. हा प्रयोग तुम्हीही करून बघा. चाल आणि ढोलकी काढून घेतली की जे उरतं ते असं: नऊवारी नेसलेली मुलगी देवळातून बाहेर येते. बुलेटवरचा मुलगा गाडी आडवी घालतो. ती वाट बदलून जाते. हा पुन्हा पुढे. मित्र मागे बसून हसतोय. मुलगी हातानं स्पष्ट 'नाही' अशी खूण करते. मग ड्रोननं उसाचा फड वरून दिसतो. मग हा तिच्या कॉलेजच्या फाटकाशी, मग तिच्या घरासमोर. तिच्या चेहऱ्यावर मला तरी भीती दिसली, नटीनं ती चांगली वठवलीय. आणि मग एकदम, कशानं ते कळत नाही, ती वळून हसते. पुढच्या शॉटमध्ये मुंडावळ्या.

माझ्या वहीत या गाण्यापुढे लाल पेनानं टिक होती आणि शेजारी माझ्याच अक्षरात: 'छान, मराठमोळं'.

म्हणजे तीन तास मी फक्त अंग किती दिसतंय ते मोजत होते. या व्हिडिओंनी मुलं बिघडतात का, हा प्रश्न जुना आहे. माझा प्रश्न निराळा. बिघडतात म्हणजे नेमकं कशानं, हे तपासायला बसलेल्या आपल्यासारख्यांना तरी दिसतं का?

---

खवट_काका | २ डिसेंबर, २१:४०

चला, डिसेंबरची जिलबी पडली. आमच्या आधीच्या पिढीला नाट्यसंगीतानं बिघडवलं, आम्हाला रेडिओ सिलोननं, आमच्या पोरांना केबलनं. आता नातवंडांची पाळी. एवढं बिघडूनही सगळे वेळेवर गृहकर्जाचे हप्ते भरतायत.

---

चिंचेचं_बुटुक | २ डिसेंबर, २२:०३

काका, लेख वाचून प्रतिसाद द्या हो. ती म्हणतेय काय, तुम्ही बोलताय काय.

कपड्यांवरून आठवलं. २००२ मध्ये 'कांटा लगा'चं रिमिक्स आलं तेव्हा मी कोल्हापुरात मुलींच्या वसतिगृहात होते. मेसमध्ये एकच टीव्ही. रेक्टरबाई आत आल्या की रिमोट ज्या मुलीकडे असेल तिनं झटक्यात बातम्या लावायच्या, हा अलिखित नियम. बाईंना वाटायचं पोरी राजकारणात फार रस घेतात. मूळ गाणं १९७२ च्या 'समाधी'तलं, लताबाईंचं, हे आम्हाला रिमिक्सवरून गहजब झाला तेव्हा वर्तमानपत्रातून कळलं. सगळी चर्चा त्या मुलीच्या पँटवर. त्या चर्चेतून मी काय शिकले सांगू? की लोक बघतात ते मुलीच्या कमरेकडे. व्हिडिओनं शिकवलं नसेल तेवढं अग्रलेखांनी शिकवलं.

अवांतर: दलेर मेहंदीच्या व्हिडिओंवर टीका व्हायची की गाणी चालतात ती मागे नाचणाऱ्या सुंदर मुलींमुळे. तर १९९८ च्या 'तुनक तुनक'मध्ये त्यानं एकही मुलगी ठेवली नाही. चारही नाचणारे तोच! आणि ते त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं ठरलं. टीकाकारांना एवढं खणखणीत उत्तर क्वचित कुणी दिलं असेल.

---

साक्षी_पुरावा | २ डिसेंबर, २२:३१

कायद्याचं दोन ओळींत. लेखातला नायक जे करतो, म्हणजे स्त्रीनं स्पष्ट नापसंती दाखवूनही पुन्हा पुन्हा पाठलाग, तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. आधी भादंवि (भारतीय दंड विधान) ३५४ ड होतं, दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ मध्ये आलेलं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, दुसऱ्यांदा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत. या गाण्यातला पठ्ठ्या चार मिनिटांत तीनदा करतो.

आता गंमत बघा. २००६ पासून केबलच्या नियमांत तरतूद आहे की संगीताचा व्हिडिओसुद्धा सेन्सॉर बोर्डाचं सर्वांसाठीचं प्रमाणपत्र असल्याशिवाय केबलवर दाखवता येणार नाही. त्यामागे आपल्या मुंबईचीच एक लढाई होती. सेंट झेवियर्समधल्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी टीव्हीवरच्या असल्या मजकुराविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. पण हा नियम केबलचा. यूट्यूबवर टाकायला असलं कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही, आणि मुलं केबल बघत नाहीत. दाराला कुलूप लावलं तेव्हा भिंत पडायला लागली होती.

---

खवट_काका | २ डिसेंबर, २२:४४

वकीलसाहेब, चित्रपटांतल्या नायकांना हे कलम लावलं असतं तर येरवड्यात जागा उरली नसती.

---

लाँग_शॉट | ३ डिसेंबर, ००:५२

जय खानदेश. मी हेच व्हिडिओ शूट करतो. सहा-सात वर्षं झाली, दीडेकशे गाणी तरी केली असतील, मराठी अन् अहिराणी दोन्ही. मॅडमनी वर्णन केलेलं गाणं माझं नसलं तरी माझंच समजा. असली वीस केलीत.

आतली गोष्ट सांगतो. आमच्याकडे गाणं असं ठरतं. एक भाऊ येतो. वय पंचवीस-सव्वीस, वडिलांनी प्लॉट विकलेले असतात किंवा वाळूचं, खडीचं काम असतं. भाऊ म्हणतो, गाणं काढायचंय. गाणारा वेगळा, म्युझिक करणारा वेगळा, भाऊ फक्त दोन गोष्टी करणार. पैसे घालणार आणि हीरो होणार. बजेट कधी साठ हजार, कधी दोन लाख. फीमेल लीड पुण्याहून नाहीतर नाशकाहून बोलवायची. ती सकाळी सातला उतरते, मेकअप करते, संध्याकाळच्या गाडीनं परत. बुलेट भाऊची, थार भाऊच्या मित्राची, वाडा कुणाच्या तरी मामाचा. लोकेशनला पैसे जात नाहीत.

आता मला सांगा, या गाण्यात ती पोरगी शेवटी 'नाही'च म्हणेल असं कोण लिहिणार? खर्च नायकाचा आहे, म्हणून नायिका 'हो' म्हणते. बस, एवढीच त्याची कथा.

एकदा मी म्हटलं होतं, भाऊ, तिनं हसायच्या आधी काहीतरी कारण पाहिजे. एक शॉट टाकू. तू तिच्याशी दोन शब्द बोलतो, तिचं ऐकतो, असं काही. भाऊ म्हणे त्याला टाइम जाईल, त्यापेक्षा स्लो-मोशन वाढव. स्लो-मोशनचं गुपित सांगतो. कॅमेरा पन्नास फ्रेमवर ठेवायचा आणि स्पीकरवर गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं. ओठ हलवणारा त्या घाईत हलवतो, एडिटमध्ये पंचवीसवर आणलं की ओठ गाण्याला बरोबर बसतात आणि केस हवेत तरंगतात. शूटवर बघाल तर हसाल. उंदरासारख्या चिरक्या आवाजात विरहगीत चाललेलं असतं आणि भाऊ धावत-पळत दुःखी होत असतो.

तिची ती वळून हसण्याची जागा आहे ना, मॅडम, जिथं तुम्हाला कारण कळलं नाही, तिथं कारण नसतंच. तिथं हूक स्टेप संपते आणि दुसरं कडवं सुरू होतं.

आणि शेवटचं. चूक आमची आहे, मान्य. पण याच कामावर माझं घर चालतं. लग्नाचा सीझन चार महिने, बाकी आठ महिने भाऊंची गाणी.

---

चिंचेचं_बुटुक | ३ डिसेंबर, ०७:२०

धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. 'खर्च नायकाचा, म्हणून नायिका हो म्हणते' हे वाक्य माझ्या फ्रीजवर चिकटवलंय.

---

विदाप्रेमी | ३ डिसेंबर, ०९:१५

सगळं छान, पण विदा, म्हणजे डेटा, कुठे आहे? व्हिडिओ बघितल्यामुळे मुलांची मूल्यं बदलली हे सिद्ध कसं करणार? मानसशास्त्रज्ञ बांडुरानं १९६१ मध्ये स्टॅनफर्डला बोबो बाहुलीचा प्रयोग केला. मोठ्या माणसाला बाहुली बडवताना बघितलेल्या मुलांनी बाहुली जास्त बडवली. पण ती बालवाडीतली मुलं होती, आणि ती बाहुली बडवण्यासाठीच असते! तिथून सतरा वर्षांच्या मुलापर्यंत उडी मारणं सोपं नाही. ज्याला आधीच पाठलाग करायचाय तोच असली गाणी आवडीनं बघत असेल, असं उलटंही असू शकतं.

---

हॉस्टेल_रूम_९ | ३ डिसेंबर, १३:३८

इथे बहुतेक मीच सगळ्यात लहान. एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष.

पहिली गोष्ट, अख्खा व्हिडिओ कोण बघतं? आम्ही बघतो ते पंधरा-वीस सेकंद. टिकटॉक बंद झालं तेव्हा मी आठवी-नववीत होतो. २०२० च्या जूनअखेर बंदी आली, जुलैत रील्स आले, आठवड्याभरात सगळे तिकडे. त्यात गोष्ट नसतेच. ते हसणं असतं, चाल असते, बस. मॅडमनी बघितलेला पाठलाग मी त्या गाण्यावर दोनशे रील्स बघूनही बघितला नव्हता. काल रात्री पहिल्यांदा पूर्ण लावलं.

दुसरी गोष्ट लिहायला लाज वाटते, पण आयडी खोटा आहे म्हणून लिहितो. अकरावीत मला एक मुलगी आवडायची. तिच्याशी बोलायचं कसं हे मला माहीत नव्हतं. घरी विचारायची सोय नाही. पप्पांनी आईशी लग्नाआधी पंधरा मिनिटं बोललेलं, तेही पोहे खात. मित्रांना माझ्याएवढंच माहीत. मग जे दिसत होतं ते केलं. ती क्लासला जायची त्या रस्त्यावर रोज उभा राहायचो. मला खरंच वाटायचं की याला प्रेम म्हणतात, एवढं उन्हात उभं राहणं म्हणजे किती करतोय मी तिच्यासाठी. एक दिवस ती तिच्या भावाला घेऊन आली. त्यानं मारलं नाही. फक्त म्हणाला, ती तुझ्यामुळे अर्धा किलोमीटर लांबून जाते, माहितीये का?

मला माहीत नव्हतं. गाण्यात तो रस्ता कधी दाखवत नाहीत.

गाण्यामुळे केलं का? नाही म्हणवत नाही, हो म्हणवत नाही. दुसरं काही दाखवणारं कुणी नव्हतं, एवढं खरं.

---

कृष्णाकाठची | ३ डिसेंबर, १८:०५

रूम ९, इथे लिहिलंस हे बरं केलंस. 'अर्धा किलोमीटर लांबून' हे मी वर्गात सांगू का? नाव-गाव काही न सांगता.

---

हॉस्टेल_रूम_९ | ३ डिसेंबर, १८:११

सांगा.

---

फिरस्ता_फौजी | ३ डिसेंबर, २०:२६

नोकरीतली काही वर्षं पंजाबात गेली म्हणून तिकडचं लिहितो. तिथे हा वाद आपल्या कितीतरी पुढे गेलाय. तिकडच्या गाण्यात बुलेटच्या जागी रायफल असते. चंदीगडला शिकवणारे, मूळचे कर्नाटकातले प्राध्यापक पंडितराव धरेण्णवर या गाण्यांविरुद्ध कोर्टात गेले. २०१९ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं पोलीस महासंचालकांना सांगितलं की दारू, नशा आणि हिंसेचा उदोउदो करणारी गाणी जाहीर कार्यक्रमातही वाजता कामा नयेत. मे २०२२ मध्ये पंजाबी गायक सिद्धू मूसेवालाचा खून झाला, त्याच नोव्हेंबरात पंजाब सरकारनं शस्त्रांचं गौरवीकरण करणाऱ्या गाण्यांवर बंदी घातली. वाजायची थांबली का? ढाब्यावर थांबून बघा.

पण एक सांगतो, बंदूक गाण्यानं आणलेली नाही. लग्नात हवेत गोळ्या झाडायची हौस तिथे गाण्यांच्या आधीपासून आहे. डिसेंबर २०१६ मध्ये भटिंडा जिल्ह्यात मौड मंडीला लग्नात नाचणाऱ्या एका मुलीला स्टेजवरच गोळी लागली आणि ती गेली. गाण्यानं काय केलं, तर जे कोपऱ्यात होतं त्याला दिवे लावून मधोमध आणलं. आमच्या युनिटमध्ये पंजाबी पोरं होती. बंदूक ज्यांच्या रोजच्या हातात, ती पोरं असली गाणी ऐकायचीच नाहीत. त्यांना आवडायची ती रडकी.

आणि आपण फार नाकं उडवू नयेत. तलवारीनं केक कापल्याबद्दल आर्म्स ॲक्टखाली गुन्हा, ही बातमी आता आपल्याकडे बातमीसुद्धा राहिलेली नाही. केक कापताना मागे कुठली गाणी वाजत असतात ते ज्याचं त्यानं आठवावं.

---

एडिसनकर | ३ डिसेंबर, २२:५०

(इकडे दुपार.) अमेरिकेत हे रामायण १९८५ मध्ये झालंय. सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर यांनी अकरा वर्षांच्या लेकीसाठी प्रिन्सची रेकॉर्ड आणली, त्यातलं एक गाणं ऐकून त्या हादरल्या आणि त्यांनी वॉशिंग्टनमधल्या आणखी बायकांना जमवून संस्था काढली. सप्टेंबरात सिनेटच्या समितीपुढे सुनावणी. तिथे जॉन डेन्व्हरसारखा अगदी साधासुधा गायकही विरोधात बोलायला आला, कारण डोंगरावरच्या निरागस आनंदावरचं त्याचं गाणं नशेचं समजून काही रेडिओवाल्यांनी बंद केलं होतं. निष्पन्न काय? रेकॉर्डवर 'पालकांनो सावधान' छापाचं लेबल. नव्वदच्या दशकात इकडे वाढलेले माझे सहकारी सांगतात, दुकानात ते लेबल असलेलीच कॅसेट शोधायची.

तेव्हा लाल पेन जपून.

---

तमासगिराची_नात | ४ डिसेंबर, ०८:४०

माझे आजोबा फडात ढोलकीला होते. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला बाळासाहेब खेरांच्या सरकारनं तमाशावर बंदी आणली. अश्लील म्हणून. मग सुधारणा सुचवायला दत्तो वामन पोतदारांची समिती. अटी आल्या, वग तपासून घ्यायची पद्धत आली. आजोबा सांगायचे, तपासणारे साहेब शब्दांवर बोट ठेवायचे. हा शब्द नको, तो नको. पण लावणी नाचणाऱ्या बाईला रात्री पाटलाच्या वाड्यावर बोलावणं यायचं, त्यावर कुठल्याच कागदात बोट नव्हतं.

लेख वाचला आणि पहिलं हेच आठवलं.

---

निळी_पहाट | ४ डिसेंबर, ११:२२

सगळे बिघडण्यावरच बोलताय म्हणून दुसरी बाजू. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला जी गाणी वाजतात तीही आता व्हिडिओच असतात. माझ्या पिढीनं वामनदादा कर्डक कॅसेटवर ऐकले, माझा भाचा त्यांच्याच ओळी रॅपमध्ये मोबाइलवर बघतो. तिकडे जालंधरची गिन्नी माही विशीच्या आतच बाबासाहेबांवर गाऊन व्हिडिओतून घराघरात पोचली. आमच्या पोरांना ताठ मानेनं चालायला शाळेनं कमी आणि गाण्यांनी जास्त शिकवलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. गाण्याचा परिणाम होत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा जयंतीच्या मिरवणुकीत उभं राहून बघावं.

म्हणून मला ते दुसरंही खरं वाटतं. वाढत्या वयाच्या पोराला ताठ मान देता येते, तसा माजही देता येतो. आडनाव, जमीन, गाडी यांवरची जी गाणी आहेत, ती ऐकताना शेजारच्या बाकावरच्या माझ्या भाच्याला काय वाटत असेल? कपडे पूर्ण असतात हो त्यात. फेटासुद्धा असतो. कृष्णाकाठची, तुमच्या एकतीस चिठ्ठ्यांत अशी किती होती?

---

कृष्णाकाठची | ४ डिसेंबर, १४:१७

चार. चारहीवर टिक केली होती. आता वही उघडून मोजली.

---

खवट_काका | ४ डिसेंबर, १४:५५

बरं, आता थोडं गंभीर. माझा मुद्दा एवढाच की खोडायला बसलं की खोडणाऱ्याला चव लागते. २०२३ च्या एप्रिलमध्ये काय झालं आठवा. पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शिवराळ रॅपचं शूटिंग झालं म्हणून गुन्हा. ठीक, विद्यापीठानं परवानगी दिली नव्हती. पण त्याच महिन्यात छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर राजकारण्यांना टोमणे मारणाऱ्या रॅपबद्दल अंबरनाथला गुन्हा. एकात शिव्या, एकात प्रश्न. दोन्हीला 'तरुणाई बिघडली' हेच लेबल लागलं. माझ्या मते त्या दुसऱ्या पोरानं जे केलं त्याला नागरिकशास्त्र म्हणतात.

---

साक्षी_पुरावा | ४ डिसेंबर, १५:१०

काकांशी सहमत. तारीख लिहून ठेवतो.

---

सुगीचे_दिवस | ४ डिसेंबर, २१:३३

मी शेतकरी. लेक यंदा दहावीला आहे. लिहिण्याची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

महिन्यापूर्वी लेक म्हणाली, पप्पा उद्यापासून एसटीनं नको, तुम्ही सोडा. मी म्हटलं, डिझेल कुठनं आणू. दोन दिवस ती गेलीच नाही शाळेला. तिसऱ्या दिवशी आईजवळ रडली. एक पोरगं गाडी आडवी घालायचं. मी त्या पोराच्या घरी गेलो. ओळखीचंच घर, त्याचा बाप आणि मी एकाच साखर कारखान्याचे सभासद. पोराला समोर बोलावलं. पोरगं घाबरलेलं, वाईट नाही दिसलं मला. म्हणतंय, काका, मी कधी हात नाही लावला, फक्त विचारत होतो.

त्याचा बाप हसला. म्हणाला, वय आहे, आपण नव्हतो का असे.

पोराचं मला काही वाटलं नाही. बापाच्या हसण्याचं अजून वाटतंय. तो बाप रील्स बघत नाही, त्याचा फोन बटनाचा आहे.

आता रोज सोडतो लेकीला. सात किलोमीटर जायला, सात यायला.

---

लाँग_शॉट | ४ डिसेंबर, २३:४७

दादा, वाचलं. उद्या एक शूट आहे, त्यात गाडी आडवी घालायचा शॉट आहे. भाऊला सांगून बघतो. काढेलच असं नाही सांगत.

---

विदाप्रेमी | ५ डिसेंबर, ०८:०२

विदा मागितला होता, मिळाला तो असा. पहिल्या प्रतिसादातला तिरकसपणा मागे घेतो. पण बटनाच्या फोनवाला बाप हा माझ्याच मुद्द्याचा पुरावा आहे, हे नम्रपणे नोंदवतो.

---

चिंचेचं_बुटुक | ५ डिसेंबर, ०८:३०

विदाप्रेमी, बापानं तेव्हा थिएटरात काय बघितलं होतं तेही विचारा की मग.

---

कृष्णाकाठची | ९ डिसेंबर, २२:१९

खबर द्यायला आले.

त्या मुलीलाच बोलावलं आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात दिला. म्हटलं, तू तपास. ती एकटी बसली नाही. चौघं जमवली, दोन मुलं, दोन मुली, त्यात अकरावी कॉमर्सचाही एक. लायब्ररीत दोन दिवस, दुपारच्या सुट्टीत. वहीत त्यांनी रकाने आखले होते. एक रकाना 'कपडे', त्यावर पहिल्याच दिवशी काट मारली होती, कारण 'नाचताना कपडे आपलेच असणार आहेत'. हे इतकं सरळ आहे की तीन तासांत मला सुचलं नव्हतं. पुढचे रकाने: 'ती नाही म्हणते का', 'मग तो काय करतो', 'कुणाची चेष्टा आहे'. तिसऱ्या रकान्यात मारामारी झाली. काळ्या रंगावरून चिडवणारं एक गाणं सगळ्यांचं लाडकं, एकाला फारच लाडकं. त्यांच्यातल्या सावळ्या मुलीनं फक्त "मी नाचणार नाही त्याच्यावर" म्हटलं आणि गाणं गेलं.

मी खोडलेल्या नऊपैकी सहा परत आली. मी ठेवलेल्यांपैकी सात गेली. आडनावाची चारही गेली. निळी_पहाट, तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला नव्हता, त्यांनीच काढली. रूम ९ चा अर्धा किलोमीटर मात्र मी वर्गात सांगितला. मागच्या बाकांवर एरवी सतत खुसपुस असते, ती थांबली. एवढंच. नंतर एक मुलगा येऊन म्हणाला, मॅडम, तो भाऊ चांगला होता.

आता तो बुलेटवाला व्हिडिओ. मुलांनी खोडला, मी सही केली, यादी प्राचार्यांकडे गेली. प्राचार्यांनी बोलावून घेतलं, दार लावलं. म्हणाले, मॅडम, हे गाणं राहू द्या. का, तर त्या गाण्याचा निर्माता आणि हीरो आपल्या प्रमुख पाहुण्यांचा पुतण्या आहे. नवा स्टेज त्यांच्याच देणगीतला. लाँग_शॉट, तुमची आठवण आली, हसू आवरेना. प्राचार्यांना वाटलं मी मान्य केलं.

गाणं राहिलं. शेवटून दुसरं. पण नाचणाऱ्या आठ जणांतल्या दोघांनी नावं काढून घेतली, आणि नायकाची भूमिका करायला आता कुणी तयार नाही. काल चिठ्ठ्या टाकल्या.

खरी अडचण वेगळीच. दरवर्षी आम्ही शिक्षकही एक गाणं करतो. सत्तरच्या दशकातलं, आमच्या सगळ्यांच्या आवडीचं, सिनेमातलं मराठी गाणं ठरलेलं, पंधरा दिवस तालीम झालीय, माझी मधली जागा आहे. शिस्त म्हणून मी त्याचीही चिठ्ठी गठ्ठ्यात टाकली होती. मुलांनी खोडलं. शेरा: 'पदर ओढतो. ती तीनदा सोड म्हणते.'

परवा रंगीत तालीम आहे. शिक्षकांसाठी गाणं सुचवा. सोप्या स्टेप्सचं. भूगोलाच्या सरांचा गुडघा दुखतो.

---

खवट_काका | ९ डिसेंबर, २२:२६

भोंडल्याचं घ्या. फेर धरायचा, गुडघ्याला त्रास नाही.

---

चिंचेचं_बुटुक | ९ डिसेंबर, २२:३१

काका, त्यात सासू सुनेला माहेरी जाऊ देत नाही. ती मुलगी तेही खोडेल.